कलम नऊ

खणभागातला तळमजला मी पुराच्या दुसऱ्या वर्षी घेतला,
निम्म्या भावात.
विकणाऱ्यानं सही करताना एकदाही वर बघितलं नाही.
तेव्हाच कळायला हवं होतं, प्रमिला म्हणते.
कळलं होतं.
म्हणून तर निम्म्या भावात.

बत्तीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिला,
पिवळ्या बोटांनी, पैचा फरक न ठेवता.
पण रंगाऱ्याला म्हणालो, त्या पट्ट्यावर दोन हात जास्त मार,
तो खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा सुचेना.
शेवटी लिहिलं : किरकोळ दुरुस्ती.

गणपती उठल्यावर मुलाणी बाई आल्या बघायला.
दोन पोरी, शिलाईचं मशीन,
नवरा कुपवाडच्या फाउंड्रीत रात्रपाळीला.
वरच्या चौगुल्यांनी मला जिन्यात गाठलं,
"भाडं काय, कुणीही देईल हो. पण वासाचं काय?"
बघतो म्हणालो.
मग बाईंना म्हणालो, मागची खिडकी उघडून करा काय करायचं ते,
चतुर्दशीला तेवढं नको.
"बरं," त्या म्हणाल्या.
त्या 'बरं'मध्ये काय होतं, मी विचारलं नाही.
सात हजारांवरून साडेसहावर आलो.
अनामत वीस. आठ आत्ता,
उरलेले लग्नसराई झाल्यावर.

"इथं पाणी किती आलं होतं?"
जाता जाता, चप्पल घालताना.
मी हात गुडघ्याशी धरला.
मग जरा वर, मांडीपर्यंत.
तिथंच तो थांबला, दमल्यासारखा.

करारातलं कलम नऊ :
भाडेकरूने भिंतीस खिळे ठोकू नयेत.

दिवाळीच्या तोंडावर नळ गळतो म्हणून गेलो.
मीटरच्या पेटीत रंगारी पोचलाच नव्हता.
आत ती रेघ, गढूळ,
बरोबर माझ्या कपाळाच्या उंचीची.
आणि भिंतीला खिळे.
मी मोजले, मोजायची सवय जात नाही. सतरा.
सगळे त्या रेघेच्या वीतभर वर.
पोरींची दप्तरं, रेशनकार्डाची पिशवी,
गिऱ्हाइकांचे ब्लाउज गाठोड्यात, छताला टेकलेले,
आणि तुळईच्या कडीला एक कप्पी,
दोरी तिची मशीनपर्यंत आलेली.
"चहा घेता?"
घेतला. साखर जास्त होती.
रेघेचं त्या बोलल्या नाहीत,
खिळ्यांचं मी.
नळाला वॉशर घातला, साठ रुपये, माझे.

ऑगस्टात कोयनेतून पाणी सोडलं.
आयर्विन पुलापाशी अडतीस फूट.
प्रमिला म्हणाली, फोन करा. साडेदहा वाजले होते.
पलीकडं मशीन चालू.
"चाळीसला इशारा ना? आहे की अजून दोन फूट.
फॉल-पिकोच्या नऊ साड्या हातात आहेत, उद्या द्यायच्यात.
आणि वेळ आलीच तर चौगुले काकूंनी
वरची खोली झाडून ठेवलीय."
कुणी?
"चौगुले काकूंनी."
मी परत एकदा विचारलं.
पाणी एकोणचाळीसला येऊन उतरलं.
त्या रात्री मी झोपलो नाही, हे त्यांना कशाला सांगू.

आता पुन्हा अकरा महिने.
कोर्टाजवळचा टायपिंगवाला म्हणतो,
भाडं दहा टक्के वाढवू ना, नेहमीप्रमाणे?
पाच घाल.
कलम नऊ?
काढ.
"काका, क्रम बिघडतो. आठनंतर एकदम दहा कसं?
काहीतरी सांगा तिथं."
पडद्यावर ती मोकळी ओळ,
तिच्या टोकाला उघडझाप करणारी काडी,
मागं झेरॉक्सला थांबलेली माणसं खाकरतायत.
लिही, म्हणालो.
सन दोन हजार एकोणीस साली सदर मिळकतीत पाणी...
आणि हात कपाळाशी नेला.

त्याला आकडा हवा होता.
फुटात.